उजवीकडून ओढलेली रेघ

१० जून २०१३

प्रिय बालाजी,

शुक्रवारी तू उठून गेलास तेव्हा तुझा चहा अर्धा तसाच राहिला होता. अम्मी कप उचलायला आली आणि कपाकडे बघतच राहिली. म्हणाली, "हे पोरगं चहा टाकून जाणारं न्हाई. तू काय बोललास त्याला?" मी म्हणालो, काहीच नाही. आणि ते खरंच होतं. तू कोर्टातल्या त्या कागदाची झेरॉक्स माझ्यासमोर ठेवलीस आणि विचारलंस, "भाई, त्या दिवशी जजसाहेबांच्या खोलीत माझ्यासोबत तू होतास ना?" मी चष्मा पुसत बसलो आणि म्हणालो, "चार वर्षं झाली रे. आठवत न्हाई." तू कागदाची घडी केलीस, चप्पल घातलीस आणि बाहेर पडलास. भांडला असतास तर बरं झालं असतं. तुझा हा शहाणपणा मला लहानपणापासून सोसत नाही.

मला आठवत नाही, यावर तुझा विश्वास बसला नसणार. चौदा वर्षं मी कोर्टाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज टाईप करतोय. कोणाची तारीख कधी होती हे पक्षकार विसरतात, मी विसरत नाही. आणि तुझी तारीख तर माझ्या घरातली होती.

आज सोमवार, कोर्ट चालू आहे, पण मी टाईपरायटरवर कापड टाकून घरी बसलोय आणि हे हाताने लिहितोय. येत्या अठरा तारखेला औरंगाबादच्या खंडपीठात तुझा अर्ज निघणार. नांदेडची अधिव्याख्यात्याची नेमणूक हातात आली आणि पोलीस चौकशीत २००९ ची शिक्षा सापडली म्हणून अडली, हे आता आख्ख्या गल्लीला माहीत आहे. समझोता करून गुन्हा कबूल केला की त्या निकालावर अपील नसतं. हायकोर्टात रिट, एवढी एकच खिडकी उरते. त्या खिडकीतून तुला एवढंच दाखवायचंय की कबुली तुझ्या मर्जीची नव्हती. कायदा म्हणतो, जजने आरोपीला एकट्याला बसवून विचारायचं. कागद म्हणतो, तसंच विचारलं. तुझ्या वकीलबाई, रुद्राणी मॅडम, म्हणतात की कागदापुढे तुझा एकट्याचा शब्द टिकणार नाही. आत दुसरं कोणी होतं, तर त्या माणसानं तसं सांगायला हवं. हे सगळं तू मला शुक्रवारी समजावून सांगत होतास, जणू मला कायदा माहीत नाही. मी मान हलवत ऐकत होतो.

पहिल्यापासून सांगतो. अर्जनवीसाची सवय आहे, हकीकत क्रमानेच लागते.

तुझे शेषेराव मामा तुला औसा भागातून टेंपोत घालून आपल्या गल्लीत घेऊन आले, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आठवड्याभराने. तू आठ वर्षांचा, मी बारा. तुझे आई-बाप दोघंही दगडांखाली गेले होते. सगळी गल्ली टेंपोभोवती जमली होती. माझ्या अम्मीनं तेवढं पुढे होऊन तुला मांडीवर ओढलं. त्यानंतर तिने तुला मांडीवरून कधी खाली उतरवलंच नाही, असं मला वाटत आलंय. मामांचं घर माळकरी, म्हणून तिने तुझ्यासाठी नवा तवा आणि नवं पातेलं आणलं, वेगळ्या फळीवर ठेवलं आणि त्याला आमच्या घरातल्या कोणाला हात लावू दिला नाही. माझ्या नावाचं आमच्या घरात एक भांडं नव्हतं. शाळेत बाहेरगावची माणसं यायची, तुझे फोटो काढायची. तुला ब्लँकेट मिळालं, कंपासपेटी मिळाली, इंग्रजी अक्षरं छापलेलं निळं दप्तर मिळालं. आमच्या घराला फक्त भेग पडली होती. भेगेला कोण दप्तर देणार?

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. मी त्या भेगेसमोर उभा राहून मनात म्हणालो होतो, ही भिंत पडली असती तर. बारा वर्षांच्या पोराला कळत नसतं म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी तिथे एकदाच उभा राहिलो नव्हतो.

तरी तुला लिहायला मीच शिकवलं, हेही तितकंच खरं. भूकंपानंतर तू पेन्सिल धरेनासा झाला होतास. गुरुजी म्हणाले, राहू द्या, येईल हळूहळू. मी तुला आमच्या ओट्यावर बसवलं आणि रोज पाटीभर लिहून घेतलं. अब्बांनी मला आधी उर्दू शिकवलं होतं, मराठी नंतर. त्यामुळे माझी एक खोड राहून गेली. मी आधी अख्ख्या ओळीची अक्षरं लिहितो आणि मग वरची रेघ उजवीकडून डावीकडे ओढतो. डाव्या टोकाला ती जरा खाली वळते. शाळेत त्यासाठी मी छड्या खाल्ल्या. तू तीच खोड उचललीस. लातूरच्या क्लासमध्ये शिकवताना तू फळ्यावर तशी रेघ ओढतोस आणि पोरं हसतात, तेव्हा तू त्यांना सांगतोस, ही माझ्या भाईची रेघ आहे. तू हे मला सांगितलंस त्या दिवशी छाती भरून आली होती. पण घरी येईपर्यंत ते गेलं आणि दुसरंच आत शिरलं. मला जिच्यासाठी मार मिळाला, तिचंही तुझ्याकडे कौतुक झालं.

माझी बारावी आठव. फिजिक्सच्या पेपराच्या सकाळी अब्बांना अर्धांगाचा झटका आला. अम्मी त्यांना घेऊन नांदेडच्या दवाखान्यात गेली आणि मी मागोमाग. पेपर गेला, वर्ष गेलं, अब्बाही गेले. उरली ती त्यांची खुर्ची, त्यांचा टाईपरायटर आणि लिंबाखालची जागा. चार वर्षांनी तू लातूरला राहून बारावी केलीस आणि गुणवत्ता यादीत आलास. अम्मीनं गल्लीत पेढे वाटले. माझ्या वेळी वाटण्यासारखं काही नव्हतं, हे मला समजतं. समजतं म्हणून जळायचं थांबत नाही.

गेल्या वर्षी मी कामाला लातूरला आलो होतो, तुला कळवलं नाही. एसटी स्टँडसमोर तुझ्या क्लासचा फ्लेक्स लागला होता. सहा सर ओळीने हाताची घडी घालून उभे आणि त्यात तू. रिक्षावाला म्हणाला, "हे फिजिक्सवाले सर लई भारी हाईत. माझी पोरगी ह्यांच्यामुळंच लागली नंबराला." मी म्हणालो, असेल. तो म्हणाला, "असंल काय, हाय." उतरताना मी त्याच्याशी भाड्यावरून भांडलो. त्याने मागितलं ते बरोबरच होतं.

आता त्या खटल्याकडे येतो. इतका वेळ इकडेतिकडे फिरलो ते कशासाठी, हे तुला कळलंच असेल.

२००८ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. तू मामांच्या मोटारसायकलवर लातूरहून येत होतास. फाट्यावर एसटी थांबलेली, तिच्या पुढून महादेवप्पा आजोबा एकदम रस्त्यात आले. तुझा वेग काही नव्हता, पण त्यांचं वय होतं. तूच त्यांना रिक्षात घातलंस, तूच तीन दिवस दवाखान्यात बसलास, आणि ते गेल्यावर त्यांच्या बायकोच्या, शांतम्मा आजींच्या दारात जाऊन तूच जमिनीवर बसलास. त्या म्हातारीनं तुला पाणी दिलं. मग निष्काळजीपणाचा गुन्हा, मग तारखा. प्रत्येक तारखेला तू लातूरहून यायचास, तास बुडवून, आणि व्हरांड्यात उभा राहायचास. महादेवप्पांचं नाव पुकारलं की तुझा चेहरा उतरायचा.

मी तुला सांगितलं, एक नवा रस्ता आहे. कबूल करायचं, आजींना भरपाई द्यायची, दंड भरायचा, एका दिवसात मोकळं व्हायचं. तुला आजींना काहीतरी द्यायचंच होतं. तू लगेच हो म्हणालास. मामा म्हणाले, "वाजिदला कोर्टातलं कळतं, तो सांगतो तसं कर." अर्ज मीच टाईप केला. 'स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता.' हे शब्द मी हजारो वेळा टाईप केलेत, माझी बोटं ते झोपेतही मारतील. त्या दिवशीही बोटांनीच मारले.

फेब्रुवारीतली ती सकाळ. तू आमच्या घरी आलास, अम्मीनं तुला उंबऱ्यात थांबवलं आणि तुझ्या दंडाला इमाम जामिन बांधला. तुला माहीत आहे ते. हिरव्या कापडात एक रुपया शिवायचा, दंडाला बांधून माणसाला इमामांच्या हवाली करायचं आणि तो सुखरूप परत आला की रुपया फकिराला द्यायचा. तिने काही पुटपुटून तुझ्यावर फुंकर घातली. मी बाजूला चपला घालत होतो. माझ्या बारावीच्या पेपराला तिने मला तो बांधला नव्हता. अब्बा अंथरुणात वाकडे पडले होते, कशी बांधणार होती? तरी मी चपलेचा पट्टा लावता लावता तेच मोजत होतो. माझ्याकडे वळून ती एवढंच म्हणाली, "याला नीट घरी आण."

जजसाहेबांच्या खोलीत खरं तर तू एकट्यानंच जायचं होतं. स्टेनो रजेवर होता, साहेबांपुढे फायलींचा ढीग होता. क्लार्क दारातून म्हणाला, "वाजिदभाई, तेवढी प्रश्न-उत्तरं लिहून घ्या." मी कागद घेऊन आत गेलो आणि दार लागलं. पहिला प्रश्न, हे मर्जीने करताय का? तू माझ्याकडे बघितलंस. आपल्याकडे मोठं माणूस बसलेलं असताना लहानानं बोलायचं नसतं. शाळेत नाव घालताना, रेशनच्या दुकानात, बसमध्ये अर्धं तिकीट मागताना, आठव्या वर्षापासून तुझ्या वतीने मीच बोलत आलो. मी म्हणालो, "हाव साहेब, मर्जीनंच." दुसरा प्रश्न, कोणी धमकी किंवा आमिष दाखवलं का? मी म्हणालो, "न्हाई साहेब." तिसरा प्रश्न साहेबांनी वाचून दाखवला. ही शिक्षा म्हणून कायम नोंदली जाईल, यावर अपील नाही, हे माहीत आहे का? तेव्हा तू तोंड उघडलंस. "म्हणजे..." एवढंच म्हणालास. साहेब पुढची फाईल ओढत होते. ते 'म्हणजे' फक्त मी ऐकलं. शर्टाची बाही वर गेली होती आणि त्या हिरव्या कापडाचा कोपरा दिसत होता. मी म्हणालो, "सगळं समजावून सांगितलंय साहेब." आणि तुझ्या नावापुढे लिहिलं, 'होय, मला परिणाम माहीत आहेत.' रेघ ओढली. तू सही केलीस.

मी काही समजावून सांगितलं नव्हतं. आदल्या दुपारी मी ते कलम दोनदा वाचलं होतं. शिक्षेचा शिक्का आयुष्यभर राहतो हे मला माहीत होतं. सरकारी जागा निघाली की तू अर्ज करणार हेही माहीत होतं. दिवाळीत मामांच्या अंगणात तूच सांगितलं होतंस की क्लासमध्ये पोरांना पळवावं लागतं, तुला शांतपणे शिकवायचंय. तुझं वाटोळं व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, खरंच. तुझ्या अंगावर एखादा डाग असावा, एवढंच हवं होतं. अम्मीनं कधीतरी म्हणावं, बालाजीचंही काही चुकतं. एवढ्यासाठी मी तुझा आख्खा जन्म डागाळून ठेवला.

आणि अजून एक आहे. ते लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं. त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी तुझी केस बघणाऱ्या अमृतराव वकिलांनी मला हाक मारली होती. म्हणाले, "बालाजीला सांग, केस लढव. बसच्या कंडक्टरचा जबाब त्याच्या बाजूचा हाय. म्हातारा अचानक पुढं आला असं त्यानं लिहून दिलंय. वर्षभरात पोरगं सुटतंय." हा निरोप तुझा होता. तो मी तुला दिला नाही. त्यांना जाऊन सांगितलं, बालाजी ऐकत नाही, त्याला मिटवायचंय. ते म्हणाले, पोराची मर्जी. पुढच्या वर्षी वकीलसाहेब गेले आणि तो निरोप माझ्या एकट्याजवळ राहिला. निकालाच्या संध्याकाळी तू सुटलो म्हणून माझ्या पाया पडला होतास. मी तुला उठवलंसुद्धा, आशीर्वाद दिल्यासारखं.

शुक्रवारी तू विचारलंस तेव्हा हे सगळं एका दमात तोंडाशी आलं होतं. पण समोर तू, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आवाज न चढवणारा. मनात आलं, आता याला वाचवलं की हा आणखी मोठा होणार आणि मी आहे त्याहून लहान. म्हणून म्हणालो, आठवत न्हाई.

काल मी अम्मीला सगळं सांगितलं, बाराव्या वर्षीच्या त्या भिंतीपासून. दुपारी तुझ्या नाझनीनभाभीनं वाढलेलं ताट तिने तसंच सरकवलं. तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाल्यावर तिने पानदान उघडलं आणि सुपारीच्या कप्प्याखालून ते हिरवं कापड काढलं. रुपया आत तसाच शिवलेला. चार वर्षं तिने तो फकिराला दिलेला नाही. मी विचारलं, का? म्हणाली, "त्या दिवशी पोरगा घरी आला, पण सुटून आल्यासारखा न्हाई आला. हसत होता आन् डोळ्यांत काही नव्हतं. म्हटलं, अजून वाटेतच हाय तो." म्हणजे ती चार वर्षं तुझी वाट बघत होती आणि मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो. मी हात पुढे केला. म्हणालो, दे, मी औरंगाबादला घेऊन जातो. "नक्को," म्हणाली आणि पानदान मिटलं. "तुझ्या हातात न्हाई देणार. ज्याचा हाय त्याला घेऊन ये."

सोबत माझं शपथपत्र आहे, आज सकाळीच नोटरीसमोर त्यावर सही केलीय. खोलीत मी होतो, उत्तरं मी दिली, अमृतरावांचा निरोप मी दाबला, सगळं त्यात आहे. पण ते टाईप केलेलं आहे, आणि टाईप केलेल्या कागदाची किंमत माझ्याइतकी कोणाला माहीत नाही. सरकारी वकील म्हणतील, दोस्त आहे, दोस्तीत लिहून दिलं. त्या प्रश्न-उत्तरांच्या कागदाबद्दल म्हणतील, ही उजवीकडून ओढलेली रेघ तर बालाजीचीही अशीच आहे, त्यानंच लिहिलं असेल. तू ते अक्षर ओळखूनच शुक्रवारी आला होतास, बालाजी. तरी मला माझ्या तोंडाने सांगायची संधी दिलीस. म्हणून हे सगळं हाताने लिहिलंय, मुद्दाम इतकं लांब, म्हणजे तज्ज्ञाला माझं प्रत्येक अक्षर मिळावं आणि तुझ्या अक्षराशेजारी ठेवून बघता यावं. हे पत्र फाडू नकोस आणि माझी लाज झाकायला यातलं एक पानही काढू नकोस. सगळं रुद्राणी मॅडमना दे. एवढा कायदा माहीत असलेल्या माणसानं असं का केलं, हे कोर्ट विचारणारच, आणि त्याचं उत्तर तवा, दप्तर, पेढे आणि हिरव्या कापडाशिवाय पुरं होत नाही. भर कोर्टात वाचलं गेलं तर जाऊ दे. लिंबाखालची माझी जागा जाईल, कदाचित माझ्यावरही गुन्हा होईल. झाला तर मी समझोता मागणार नाही. सतरा तारखेच्या सकाळच्या गाडीने मी औरंगाबादला निघतोय. तिथे साहेबांनी विचारलं तर या वेळी तुझं उत्तर तू दे, माझ्याकडे बघू नकोस. मी माझं देईन. मग जमलं तर माझ्यासोबत घरी चल. अम्मीनं पानदान उशाशी घेतलंय.

तुझाच,
वाजिदभाई